साडेनऊ टक्क्यांची स्कूटर: एका हप्त्याचा खिशातल्या यंत्रावर केलेला हिशेब

पुतणीने शोरूममधून आणलेली चिठ्ठी अजून माझ्या वहीत चिकटवलेली आहे. गाडीच्या माहितीपत्रकाच्या पाठीमागे बॉलपेनने लिहिलेल्या तीन ओळी: कर्ज ९०,०००. साडेनऊ टक्के फ्लॅट, तीन वर्षं. हप्ता ३,२१३ गुणिले ३६. त्याखाली दोन रेघा मारून लिहिलंय, ‘पहिला हप्ता अ‍ॅडव्हान्स’.

हे प्रकरण जून-जुलै २०२५ मधलं. पुतणी कराडच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे आणि आमचं गाव तिथून अकरा किलोमीटरवर. दुपारपाळी रात्री नऊला सुटते. त्यानंतर एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर दादा मोटरसायकल घेऊन आणायला जातात. दादांचं वय आता चौसष्ट, आणि पावसात रात्रीचं त्यांना नीट दिसत नाही. म्हणजे स्कूटर हवी की नको हा प्रश्नच नव्हता. पैसे कुठून आणि कसे उभे करायचे, एवढंच ठरवायचं होतं.

गाडीची ऑन रोड किंमत १,१८,००० रुपये. पुतणीच्या बचत खात्यात चाळीसेक हजार होते, त्यातले २८,००० भरायची तिची तयारी होती. शिवाय तिच्या नावावर दीड लाखाची मुदत ठेव होती, मार्च २०२५ अखेरीस तीन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी ठेवलेली. ती ठेव वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. घरात तिच्याबद्दल बोलताना सगळे आवाज खाली आणतात, म्हणून कर्जाचा विषय निघाला तेव्हा तिचं नाव कुणीच काढलं नाही.

मी एका पतसंस्थेत अठ्ठावीस वर्षं हिशेबनीस होतो. एके काळी आमच्या संस्थेतही फ्लॅट दराने कर्जं दिली जात आणि त्यांचे तक्ते मी माझ्या हाताने लिहिले आहेत. समोर बसलेला शेतकरी विचारायचा, “व्याज किती?” मी ‘बारा’ म्हणायचो आणि तो ‘बारा’ समजून अंगठा द्यायचा. तो दर खरा किती पडतो हे मला पुढे एचपी १२सी हे कर्ज-व्याजाच्या हिशेबाचं कॅल्क्युलेटर हातात आल्यावर कळलं. तेव्हापासून नात्यागोत्यात कुणीही कर्जाचा कागद आणला तर मी आधी ते यंत्र काढतो.

यंत्राबद्दल थोडं सांगतो. एचपी १२सी बाजारात आलं १९८१ साली, आणि त्याच रूपात ते अजून मिळतं. आडवं, शर्टाच्या खिशात मावणारं. त्यावर बरोबरचं चिन्ह नाही, त्यामुळे पहिल्यांदा हातात घेणारा माणूस गोंधळतो. पुतणीही गोंधळली, बराच वेळ ते बटण शोधत राहिली. या यंत्रात आधी आकडे द्यायचे आणि मग क्रिया. पण कर्जाच्या कामाला तेवढंही लागत नाही. वरच्या ओळीत डावीकडे पाच बटणं आहेत: एन म्हणजे हप्ते किती, आय म्हणजे एका हप्त्याच्या काळाचा व्याजदर, पीव्ही म्हणजे आजची रक्कम, पीएमटी म्हणजे हप्ता, आणि एफव्ही म्हणजे शेवटी उरणारी किंवा मिळणारी रक्कम. यातल्या चार गोष्टी सांगितल्या की पाचवी यंत्र सांगतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं बीए टू प्लस किंवा कॅसिओची एफसी मालिका घेतलीत तरी हीच पाच नावं भेटतील. मोबाइलवरच्या बहुतेक हप्ता-गणकांमध्ये दर दिला की हप्ता मिळतो. आमची गरज उलटी होती. हप्ता शोरूमवाल्याने सांगितलेला होता, दर शोधायचा होता.

फ्लॅटचा उलगडा

त्या रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो. आधी तिला चिठ्ठीतला हिशेब शोरूमवाल्याच्या पद्धतीने करून दाखवला. नव्वद हजारांचे साडेनऊ टक्के म्हणजे वर्षाला ८,५५०. तीन वर्षांचे २५,६५०. मुद्दल धरून १,१५,६५०, भागिले ३६, म्हणजे ३,२१२ रुपये ५० पैसे. वर पन्नास पैसे चढवून ३,२१३. हिशेबात चूक काहीच नाही.

“मग काका, बरोबर आहे की,” ती म्हणाली.

मी विचारलं, “पस्तीस हप्ते भरून झाले, आता शेवटचा एकच राहिला. तेव्हा त्यांचे किती पैसे तुझ्याकडे असतील?”

“तीनेक हजार.”

“आणि त्या महिन्याचं व्याज ते कशावर लावतायत?”

ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “नव्वद हजारांवर.”

फ्लॅट दराचं सगळं मर्म या एका उत्तरात आहे. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र पहिल्या दिवशीच्या रकमेवर शेवटपर्यंत धरलेलं असतं. सरासरी पाहिली तर तीन वर्षांत आपल्याकडे साधारण निम्मीच रक्कम असते, त्यामुळे खरा दर दुपटीच्या जवळ जातो. आमच्या संस्थेत जुने लोक एक तोंडी ठोकताळा वापरत: फ्लॅट दराला हप्त्यांच्या दुपटीने गुणायचं आणि हप्त्यांपेक्षा एकाने जास्त आकड्याने भागायचं. इथे ९.५ गुणिले ७२ भागिले ३७, म्हणजे साडेअठरा. ठोकताळा जवळपास नेऊन सोडतो, पण नेहमी थोडा जास्तच सांगतो. नेमका आकडा यंत्राकडूनच घ्यावा.

यंत्र तिच्या हातात दिलं. ३६ एन. ९०००० पीव्ही. ३२१३ पीएमटी. मग आय. पडद्यावर आलं, ‘एरर ५’.

ही चूक प्रत्येकाची पहिल्यांदा होते, आणि ती झाली याचं मला बरंच वाटलं. यंत्राला पैशाची दिशा सांगावी लागते. नव्वद हजार आपल्या हातात येतात, म्हणून अधिक. हप्ता हातातून जातो, म्हणून उणे. दोन्ही अधिक दिले तर यंत्राच्या दृष्टीने पैसे नुसते येतच राहतात, जात कधीच नाहीत, मग व्याज काढायचं कशाचं? ३२१३ नंतर सीएचएस हे चिन्ह बदलायचं बटण दाबायचं आणि मग पीएमटी. तिने तसं केलं, आय दाबलं. ‘रनिंग’ हा शब्द थोडा वेळ लुकलुकला आणि आकडा आला: १.४२. हा महिन्याचा दर. बाराने गुणल्यावर १७.०९.

साडेनऊचे सतरा झाले. ती म्हणाली, “म्हणजे खोटं सांगितलं त्यांनी.” मी म्हटलं, खोटं नाही सांगितलं, ‘फ्लॅट’ हा शब्द चिठ्ठीत लिहिलाय. त्या शब्दाचा अर्थ सांगितला नाही. तिला हे पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटत नाही.

चिठ्ठीत न आलेले पैसे

चिठ्ठीत नव्हत्या पण शोरूममध्ये तोंडी बोलल्या गेलेल्या गोष्टी मी तिला आठवायला लावल्या. प्रोसेसिंग फी आणि कागदपत्रांचा खर्च मिळून २,७०० रुपये, काउंटरवर रोख. म्हणजे कागदावर कर्ज नव्वद हजारांचं असलं तरी तिला प्रत्यक्ष मिळणार ८७,३००. हप्ता मात्र नव्वदचाच. बाकी सगळं तसंच ठेवून पीव्हीमध्ये ८७३०० भरलं आणि आय विचारला. महिन्याला १.६१, वर्षाला १९.२९ टक्के.

मग तो अ‍ॅडव्हान्स हप्ता. पहिला हप्ता गाडी घेतानाच द्यायचा, म्हणजे त्या रकमेचं कर्ज आपल्याला एक दिवसही वापरायला मिळत नाही, तरी तीन वर्षांच्या व्याजात ती रक्कम धरलेली. यासाठी यंत्रावर ‘बिगिन’ नावाची सोय आहे. ती लावली की यंत्र हप्ते महिन्याच्या सुरुवातीला धरतं आणि पडद्याच्या खालच्या कडेला तो शब्द बारीक अक्षरांत दिसत राहतो. बिगिन लावून पुन्हा आय. महिन्याला १.७१. वर्षाला २०.५३ टक्के.

वहीत मी चार आकडे एकाखाली एक लिहिले: ९.५०, १७.०९, १९.२९, २०.५३. गाडी तीच, हप्ता तोच, दर मात्र वर्षाची पानं उलटावीत तसा वाढत गेला. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “पहिल्या दिवशी एकूण किती द्यायचे मग?” अठ्ठावीस हजार, वर २,७००, वर ३,२१३. एकूण ३३,९१३. पुतणीने मनात अठ्ठावीसच धरले होते.

शोरूमवाल्याची बाजूही मांडली पाहिजे. कर्ज त्यांच्यामार्फत घेतलं तर हेल्मेट आणि सीट कव्हर मिळून दोन हजारांचं सामान फुकट देतो, असं तो म्हणाला होता. हे पैसे खरोखर वाचणारे होते, कारण हेल्मेट तर घ्यायचंच होतं. म्हणून तेही हिशेबात धरलं. ८७,३०० अधिक २,००० म्हणजे ८९,३००. दर उतरला, पण १८.७८ पर्यंतच.

दुसऱ्या दिवशी मी तिला शोरूममध्ये फक्त एक गोष्ट मागायला सांगितली: केएफएस, म्हणजे ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी हा ठळक माहितीचा तक्ता सर्व बँकांना आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक केला आहे. करार करण्याआधी तो द्यायचा, कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यायचा, आणि त्यात सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर लिहायचा. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला हा देकार निदान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवावा लागतो, म्हणजे ‘आजच सही करा, उद्या ही स्कीम नाही’ या घाईला उत्तर मिळतं. आणि तक्त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. हे सगळं गावोगाव माहीत व्हायला हवं. मला भेटलेल्या दहांतल्या नऊ जणांना ते माहीत नव्हतं.

फायनान्सवाला म्हणाला, “मॅडम, तो सहीच्या वेळी येतो.” तिने आधी हवा म्हणून धरून ठेवलं. संध्याकाळी मोबाइलवर तक्ता आला, इंग्रजीत. मराठीत मागितला, तो दुसऱ्या दिवशी आला. वार्षिक दराच्या रकान्यात २०.५३ होते. ओट्यावर बसून आम्ही काढलेला आकडा कंपनीच्याच कागदावर होता. पुतणीने तो मला दाखवला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर फार थोड्या वेळा पाहिलं.

बँकेचा देकार आणि एकोणतीस रुपयांची शंका

तिचा पगार ज्या बँकेत होतो तिथे दुचाकीसाठी १२ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर, तीन वर्षांचं कर्ज मिळत होतं. प्रोसेसिंग फी १,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८०. बँकेने हप्ता सांगितला २,९८९.

आता ती माझ्याआधी यंत्र हातात घेत होती. ३६ एन, महिन्याचा १ टक्का आय, ९०००० पीव्ही, पीएमटी. उत्तर आलं उणे २,९५९.६९. ती लगेच म्हणाली, “काका, बँकही जास्त घेतेय. महिन्याला एकोणतीस रुपये.”

मी काही न बोलता पडद्याच्या खालच्या कडेला बोट लावलं. बिगिन अजून लागलेलंच होतं, आदल्या रात्रीपासून. बँकेचा पहिला हप्ता महिन्यानंतर सुरू होतो, म्हणून बिगिन काढून एंडवर यायला हवं होतं. एंडचा शब्द पडद्यावर दिसत नाही, बिगिन नाहीसं झालं की एंड. ती सोय बदलली आणि २,९८९.२९ आले.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. या यंत्रावरच्या चुका गणिताच्या नसतात, मागे राहून गेलेल्या गोष्टींच्या असतात. बिगिन राहून जातं. आधीच्या हिशेबातली एफव्ही राहून जाते, आणि नव्या हिशेबात आपण एफव्हीला हात लावला नाही तरी यंत्र ती धरतं. म्हणून प्रत्येक नव्या हिशेबाआधी एफ आणि मग फिन हे बटण दाबून पाचही घरं रिकामी करायची. पण त्याने बिगिन मात्र जात नाही, ते वेगळं पाहावं लागतं. आणखी एक छोटी गोष्ट: यंत्रावर स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीने तीन-तीन आकड्यांवर पडतो. एक लाख पंधरा हजार सहाशे अडुसष्ट हे ११५,६६८ असे दिसतात. घाईत वाचलं तर माणूस चुकतो.

फी धरून बँकेचा खरा दर १३ ला थोडा कमी पडत होता. शोरूमच्या हप्त्यापेक्षा महिन्याला २२४ रुपये कमी, छत्तीस महिन्यांत ८,०६४. इथे बरेच लोक थांबले असते, आणि ते चुकीचंही झालं नसतं.

ज्या ठेवीचं नाव कुणी काढत नव्हतं

मी थांबलो नाही, कारण ठेवतारण कर्ज हा पर्याय राहिला होता. तिच्या ठेवीच्या बँकेत ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, म्हणजे १,३५,००० पर्यंत उचल मिळत होती, ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्तीने, म्हणजे ८ टक्के. फी नाही, गाडीवर बोजा नाही, आरसी बुकवर वित्त कंपनीचं नाव नाही, पुढे ते उतरवण्यासाठी आरटीओत खेपा नाहीत.

दादा एकदम म्हणाले, “ठेवीला हात लावायचा नाही.” मी म्हटलं, ठेव मोडत नाही आपण, ती तिथेच राहते आणि व्याज कमावत राहते. ते गप्प बसले, पण पटलं नव्हतं.

पुतणी महिन्याला ३,२१३ भरायला मनाने तयार झालीच होती. म्हणून हप्ता तोच ठेवून विचारलं की आठ टक्क्यांत किती महिन्यांत फिटेल. ८ देऊन जी आणि मग आयचं बटण दाबलं की बाराने भागलेला दर आपोआप भरला जातो. ९०००० पीव्ही, उणे ३२१३ पीएमटी, शून्य एफव्ही, आणि एन. यंत्र म्हणालं ३२. इथे १२सीची एक खोड माहीत असलेली बरी: हप्त्यांची संख्या काढताना ते पुढच्या पूर्ण आकड्यावर जातं. इतर यंत्रांवर ३१.११ दिसलं असतं. म्हणजे एकतीस पूर्ण हप्ते आणि बत्तिसावा अगदी छोटा. छोटा किती, तर ३१ एन भरून एफव्ही विचारली, ३४९ रुपये आले, त्यावर एका महिन्याचं व्याज धरून ३५२.

एकूण भरणा ९९,९५५. शोरूमच्या मार्गाने फी धरून १,१८,३६८ झाला असता. फरक १८,४१३ रुपयांचा. तिचा पगार हातात येतो चोवीस हजार.

मग मी एफ आणि एनचं बटण दाबून हप्त्यांची फोड दाखवली. पहिल्या बारा हप्त्यांत, म्हणजे ३८,५५६ रुपयांत, ठेवतारण कर्जाचं व्याज होतं ६,०२४. शोरूमच्या कर्जात, फी आणि अ‍ॅडव्हान्स बाजूला ठेवूनही, पहिल्या वर्षी व्याजापोटी जाणार होते १३,४८१. तीन वर्षांच्या एकूण व्याजाच्या निम्म्याहून जास्त, एकाच वर्षात. फ्लॅट दर ऐकून माणसाला वाटतं की दरवर्षी सारखंच व्याज जातंय, त्यामुळे वर्षाने कर्ज मिटवायला गेलं तर साठ हजार भरावे लागतील. प्रत्यक्षात बाकी असते ६४,९२५, आणि मुदतीआधी मिटवण्याचा आकार करारात असेल तर तो वेगळा. वर्षभर इमानेइतबारे हप्ते भरून बोनसचे पैसे घेऊन गेलेला माणूस तिथे ओशाळून उभा राहतो. मी अशी माणसं पाहिली आहेत.

दादांनी मग फार योग्य प्रश्न विचारला. “आठ टक्के द्यायचे आणि सात घ्यायचे. त्यापेक्षा नव्वद हजारांची ठेव मोडूनच टाकली तर?”

हा हिशेब मला खरोखर माहीत नव्हता, तो तिथेच केला. ठेव ठेवली तर तिच्यातल्या नव्वद हजारांचे, तिमाही चक्रवाढीने, बत्तीस महिन्यांत सुमारे १,०८,३०० होतात. मोडली तर कर्जच नाही, आणि तोच हप्ता दरमहा साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकला तर त्याच काळात सुमारे १,०९,००० जमतात. मोडण्याच्या बाजूने सातशे रुपये जास्त. पण साडेतीन महिन्यांतच ठेव मोडली तर झालेल्या व्याजातला काही भाग कमी दरात आणि दंडात जातो, आणि ते सातशे त्यातच निघून जातात. थोडक्यात, पैशाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. इथे यंत्राचं काम संपलं.

माझं मत मी सांगितलं. मोडलेली ठेव पुन्हा भरायला कुणी विचारत नाही. बँकेचा हप्ता चुकला तर बँक विचारते. आवर्ती ठेवीचे हप्ते पहिल्या लग्नसराईत थांबतात, हे मी शेकडो खात्यांवर पाहिलंय. दादांना वाटत होतं की डोक्यावर कर्ज नको, झोप महत्त्वाची. त्यांचंही म्हणणं चुकीचं नव्हतं. मग पुतणीने विचारलं, “आईचं ऑपरेशन मध्येच ठरलं तर?” ठेवतारणात तिच्या हाताशी लगेच आणखी पंचेचाळीस हजारांची उचल शिल्लक राहणार होती, आणि दर महिन्याच्या हप्त्याबरोबर वाढत जाणार होती. मोडण्यात साठ हजारांची ठेव शिल्लक. तिने ठेवतारण निवडलं. एकतीस-बत्तीस महिन्यांचं गणित तिने कॅलेंडरवर मांडलं होतं: १५ जुलै २०२५ ला उचल, मार्च २०२८ मध्ये शेवटचे ३५२ रुपये, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ठेवीची मुदत पुरी. तेव्हा दीड लाखाचे किती होणार हेही तिने स्वतःच काढलं. १२ एन, कारण बारा तिमाह्या. सातला चाराने भागून १.७५ आय. उणे दीड लाख पीव्ही, कारण पैसे आपल्या हातातून गेले. एफव्ही १,८४,७१६.

शोरूममध्ये रोखीने गाडी घेतो म्हटल्यावर सीट कव्हर गेलं, हेल्मेट मात्र घासाघीस करून मिळालं.

हप्ता संपल्यावरचा हप्ता

मध्ये एका रविवारी ती म्हणाली की मार्च २०२८ नंतरही तेवढेच पैसे बाजूला टाकायची सवय राहिली तर? पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचा दर तेव्हा ६.७ टक्के होता. पुढे तो किती असेल सांगता येणार नाही, म्हणून त्याच दराने पाहिलं. पोस्टात हप्ता दहाच्या पटीत लागतो, म्हणून ३,२००.

या हिशेबात एक गाठ आहे. हप्ता दरमहा, पण चक्रवाढ तिमाही. ६.७ ला सरळ बाराने भागलं तर उत्तर थोडं जास्त येतं. म्हणून आधी तिमाहीचा दर काढायचा, १.६७५ टक्के, आणि त्याच्याशी जुळणारा महिन्याचा दर शोधायचा. १.०१६७५ एंटर, ३, त्याचा व्यस्त, मग घात, त्यातून १ वजा, गुणिले १००. येतात ०.५५५२ टक्के. तो आयमध्ये. बीए टू प्लसवर हेच काम सोपं आहे, वर्षाला हप्ते १२ आणि चक्रवाढ ४ असं वेगवेगळं सांगता येतं. ६० एन, उणे ३२०० पीएमटी, आणि इथे बिगिन लावायचं, कारण आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता खातं उघडतानाच भरतात. एफव्ही २,२८,३७१. भरलेले १,९२,०००.

बिगिन तिने स्वतःहून लावलं, आणि उत्तर वहीत उतरवल्यावर स्वतःहून काढलंही.

यंत्र मी तिच्याकडेच ठेवलं. डिसेंबरात पाचवा हप्ता भरून झाल्यावर तिने पासबुक आणलं. बँकेप्रमाणे बाकी ७६,७७८. यंत्राप्रमाणे ७६,७६०. अठरा रुपये जास्त.

या वेळी तिने बँकेवर आळ घेतला नाही. म्हणाली, “यंत्र सगळे महिने सारखे धरतं ना काका? बँक दिवस मोजते.” मग तिने तारखा दिवस, महिना, वर्ष अशा क्रमाने घ्यायची सोय लावली, १५.०७२०२५ टाकून एंटर दाबलं, १५.१२२०२५ टाकलं, आणि जी दाबून दोन तारखांमधले दिवस मोजायचं बटण दाबलं. पडद्यावर १५३ आले. ३६५ ला बाराने भागून पाचाने गुणल्यावर १५२.०८ येतात. तो जवळजवळ एक दिवस, पंचाऐंशी-एक हजारांच्या बाकीवर आठ टक्क्यांनी, साधारण अठरा रुपये. तिने पासबुकाच्या त्या ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि रात्रपाळीसाठी गाडी काढली.